चार गुंठ्यांतला खेळ

बास्केटबॉलचं मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असतं. शेतीच्या हिशेबात मांडलं तर चार गुंठ्यांहून किंचित जास्त. खो-खोचं मैदान आखायला २७ बाय १६ मीटर जागा लागते. म्हणजे लातूर जिल्ह्यात देवणी तालुक्यातल्या ज्या शाळेत पोरं खो-खो खेळतात, तिथे बास्केटबॉलपुरतीही जागा आहे. दोन खांब, दोन फळ्या, जमिनीपासून ३.०५ मीटरवर दोन कड्या आणि एक चेंडू, एवढ्यावर खेळ सुरू होतो. या चार गुंठ्यांवर अमेरिकेत जगातला एक बलाढ्य व्यवसाय उभा राहिला. तो कसा उभा राहिला आणि आपल्याकडे का राहिला नाही, हे समजून घ्यावं असं आहे. कारण उत्तर खेळाडूंच्या उंचीत सापडत नाही.

खेळाचा जन्म अडचणीतून झाला. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नायस्मिथ हे शिक्षक होते. बाहेर बर्फ, आत व्यायामशाळा आणि रोजच्या कवायतीला कंटाळलेली अठरा दांडगी पोरं. त्यांना गुंतवून ठेवणारा खेळ काढ, असं वरिष्ठांनी सांगितलं. छपराखाली फुटबॉलसारखी झोंबाझोंबी झाली तर हातपाय मोडणार, हे नायस्मिथना दिसत होतं. चेंडू घेऊन माणूस पळतो म्हणून त्याला पाडलं जातं. मग चेंडू घेऊन पळायलाच मनाई केली तर? आणि गोल उभा ठेवण्याऐवजी आडवा करून डोक्यावर टांगला तर नुसता जोर कामाचा राहणार नाही, चेंडू अलगद सोडावा लागेल. पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फूट उंचीवर होता. नायस्मिथनी तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. पहिल्या सामन्यात एका बाजूला नऊ खेळाडू होते आणि अख्ख्या सामन्यात चेंडू एकदाच टोपलीत गेला. टोपलीची कडी झाली, जाळीचा तळ उघडा झाला, पण उंची आजही दहा फूटच आहे. पुढच्याच वर्षी स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन यांनी मुलींना हा खेळ शिकवला. म्हणजे मुली या खेळात जवळपास पहिल्या दिवसापासून आहेत.

पैसा पाच वर्षांत आला. १८९६ साली न्यू जर्सीतल्या ट्रेन्टन इथे संघाने सभागृह भाड्याने घेतलं, तिकीट लावलं आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम खेळाडूंनी वाटून घेतली. व्यावसायिक बास्केटबॉलचा आरंभ तिथला मानतात. त्या काळात मैदानाभोवती जाळी असे. पुढची पन्नास वर्षं हा धंदा फिरस्तीचा होता. आज या गावी, उद्या त्या गावी, मिळेल त्या सभागृहात सामना. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९२३ साली बॉब डग्लस यांनी ‘रेनेसाँ’ हा पूर्णपणे कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ उभा केला. त्यांचं मैदान म्हणजे नाचघर. सामना संपला की त्याच फरशीवर लोक नाचत. दौऱ्यावर गोऱ्यांच्या हॉटेलात त्यांना खोली मिळत नसे, जेवण मिळत नसे. त्याच संघाने १९३९ साली शिकागोत व्यावसायिक संघांची जागतिक म्हणवली जाणारी स्पर्धा जिंकली.

स्थिर लीग आली ती सभागृहांच्या मालकांमुळे. बर्फावरच्या हॉकीसाठी मोठाली सभागृहं बांधलेली. हॉकी नसेल त्या रात्री ती रिकामी पडत. त्या रात्री भराव्यात म्हणून १९४६ साली मालकांनी लीग काढली. १९४९ मध्ये ती दुसऱ्या एका लीगमध्ये मिळाली आणि नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे एनबीए, हे नाव रूढ झालं. पण खेळ रटाळ होता. एकदा आघाडी मिळाली की संघ चेंडू आपल्याकडेच घोळवत बसे. २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेनच्या संघाने मिनिआपोलिस लेकर्सना हरवलं ते १९-१८ असं. एनबीएच्या इतिहासातली ही सर्वांत कमी गुणसंख्या आहे. तिकीट काढून आलेला माणूस दुसऱ्यांदा कशाला येईल?

यावर उपाय सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोने यांनी काढला. इटलीहून लहानपणी आलेला, बोलिंगचा धंदा करणारा हा माणूस. त्याचा हिशेब साधा होता. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा कडीवर चेंडू मारतात. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंद. भागिले १२०, उत्तर २४. तेव्हा चेंडू हाती आल्यापासून २४ सेकंदांत कडीवर मारा, नाहीतर चेंडू समोरच्यांना द्या. १९५४ पासून हा नियम लागू झाला आणि एकाच हंगामात संघांची सरासरी ७९.५ वरून ९३.१ गुणांवर गेली. आपल्या वाचकांना हे नवं वाटणार नाही. प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. दुखणं तेच आणि औषधही तेच. खेळ व्यवसाय व्हायचा तर वेळकाढूपणाला शिक्षा हवी, हे दोन्ही खेळांनी आपापल्या काळात ओळखलं.

नियम सुधारले, गर्दी आली. खेळाडू मात्र दुर्लक्षित होता. पहिल्या पिढीतले कितीतरी खेळाडू उन्हाळ्यात दुसरी नोकरी करत. ३१ ऑक्टोबर १९५० ला अर्ल लॉइड एनबीएत उतरलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. तरी १९६१ साली केंटकीतल्या लेक्सिंग्टन इथे बॉस्टनच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना हॉटेलात खायला देण्याचं नाकारलं गेलं. बिल रसेल आणि त्यांचे सहकारी न खेळता माघारी निघून गेले. हाच रसेल तेरा हंगामांत अकरा विजेतेपदं जिंकला आणि १९६६ साली एनबीएचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाला.

व्यवसायाला खरं वळण देणारी रात्र १४ जानेवारी १९६४ ची आहे. बॉस्टनमध्ये निवडक खेळाडूंचा ऑल स्टार सामना. बाहेर हिमवादळ, आत भरलेलं सभागृह, देशभर थेट प्रक्षेपणाची तयारी. आणि खेळाडू ड्रेसिंग रूमचं दार लावून बसले. मागणी निवृत्तिवेतनाची. संघमालक वर्षानुवर्षं टोलवाटोलवी करत होते. एका मालकाने निरोप धाडला, माझ्या संघाचे दोघे बाहेर आले नाहीत तर त्यांची खैर नाही. त्या दोघांपैकी एक जेरी वेस्ट, दुसरा एल्जिन बेलर. कुणी उठलं नाही. प्रक्षेपणाची वेळ डोक्यावर आली तेव्हा लीगचे अध्यक्ष वॉल्टर केनेडी यांनी शब्द दिला आणि मगच खेळाडू मैदानात आले. पुढे ऑस्कर रॉबर्टसन यांनी १९७० साली खटला भरला. तोवर खेळाडू एकदा ज्या संघाने घेतला त्याच्याच दावणीला बांधलेला असे. १९७६ च्या तडजोडीने ती दावण सैल केली. आज एनबीएच्या खेळाडूंना मिळणारे पैसे ऐकून आपले डोळे विस्फारतात. त्या पैशांचं मूळ त्या बंद दारामागे आहे.

या लीगचे तारे सगळ्यांना ठाऊक आहेत. विल्ट चेंबरलेनने १९६२ साली एकट्याने एका सामन्यात १०० गुण केले, तो विक्रम अजून उभा आहे. १९७९ साली मॅजिक जॉन्सन आणि लॅरी बर्ड आले, त्याच वर्षी तीन गुणांची रेषा एनबीएत आली. १९८४ मध्ये मायकल जॉर्डन आला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने व्यावसायिक खेळाडूंचा संघ उतरवला आणि खेळ घरोघरी पोचला. १९९७ पासून महिलांची स्वतंत्र व्यावसायिक लीग, डब्ल्यूएनबीए, सुरू आहे.

या गोष्टीचा एक धागा मराठी मुलखात येतो. नायस्मिथच्याच मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बॉस्टनच्या मंडळाने धाडलेले मिशनरी १८१३ साली मुंबईला आले. पुढे त्यांची संस्था अमेरिकन मराठी मिशन म्हणून ओळखली गेली. अहमदनगरहून १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू करणारं मिशन ते हेच. या मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या नागपाड्यात, कामगारांच्या दाट वस्तीत, नेबरहूड हाऊस उभं केलं. आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे पहिले वर्ग १९३६ साली तिथेच भरले. दुसरीकडे वायएमसीएने १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय काढलं होतं आणि बास्केटबॉल भारतभर पसरत होता.

नागपाड्याने तो असा उचलला की मुंबईचा बास्केटबॉल म्हणजे नागपाडा हे समीकरण झालं. नेबरहूड हाऊस, मस्तान वायएमसीए, बच्चूखान महापालिका मैदान ही त्याची ठाणी. खोल्या लहान, गल्ल्या अरुंद, म्हणून पोरं संध्याकाळ कडीखाली काढत. मोठ्यांनी धाकट्यांना शिकवलं, धाकटे मोठे झाल्यावर त्यांनी पुढच्यांना. देवणी वाणाची गाय जशी एका पिढीत घडली नाही, पिढ्यान् पिढ्या जपणाऱ्या हातांनी ती घडवली, तसंच नागपाड्यात खेळाडूंचं झालं. गुलाम अब्बास मुंतसिर हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. भारताचे कर्णधार आणि १९७० च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी. पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला संघाची कर्णधार झाली. मुंबईत वाढलेले विवेक रणदिवे २०१३ साली सॅक्रामेंटो किंग्ज या एनबीए संघाचे मुख्य मालक झाले; तो मान मिळवणारे ते भारतात जन्मलेले पहिलेच. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला हाच संघ वरळीच्या सभागृहात इंडियाना पेसर्सशी खेळला. पहिला सामना जादा वेळेत १३२-१३१ असा किंग्जच्या हातून निसटला.

मालक आपला झाला, सामना आपल्या शहरात झाला. पण आपला खेळाडू? पंजाबच्या सतनामसिंगला २०१५ साली डॅलसने ५२ व्या क्रमांकावर निवडलं, तरी एनबीएच्या मुख्य सामन्यात उतरण्याची संधी त्याला मिळाली नाही. गीतू अॅना जोस ऑस्ट्रेलियात क्लबकडून खेळली. भारताचा पुरुष संघ ऑलिंपिकला एकदाच गेला, १९८० साली मॉस्कोला. गुणी खेळाडू प्रत्येक पिढीत निघाले; त्यांचा पगार मात्र रेल्वे, पोलीस, बँका नाहीतर सरकारी तेल कंपनीतून आला. या नोकऱ्यांनी भारतीय बास्केटबॉल जगवला, त्याचं ऋण मोठं आहे. पण खेळाडूचं पोट नोकरीवर चालतं तेव्हा खेळ ही नोकरी मिळवण्याची पायरी होते. नोकरी लागली की घरचे म्हणतात, आता बस्स झालं. लीगचे प्रयोगही झाले. २०१५ साली आलेल्या यूबीए लीगमध्ये पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स होते. काही हंगामांत ती बंद पडली. २०२२ साली भारतीय बास्केटबॉल महासंघाच्या पाठिंब्याने आयएनबीएल ही लीग आली. एनबीएला पाय रोवायला दशकं लागली, हे लक्षात घेतलं तर इथे घाई करून चालणार नाही. पण खेळाडूला करार, विमा आणि दुखापतीनंतरचा आधार पहिल्या दिवसापासून मिळायला हवा. बॉस्टनच्या त्या रात्रीची वाट आपण का पाहावी?

लातूर-नांदेड पट्ट्यात पालकांचं लक्ष अकरावी-बारावीच्या शिकवण्यांवर असतं आणि त्यामागचे कष्ट खरे आहेत. तरीही याच मराठवाड्यातली, बीड जिल्ह्यातली प्रियांका इंगळे जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती. मैदानातून वाट निघते, याचा यापेक्षा जवळचा दाखला नको. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. तेवढ्यासाठी म्हटलं तरी खेळ हा वेळेचा अपव्यय ठरत नाही.

म्हणून देवणी, उदगीर, निलंग्याच्या शाळांना, मुख्याध्यापकांना आणि गावकऱ्यांना विनंती आहे. शाळेच्या आवारातली चार गुंठे जागा सपाट करा, दोन खांब उभे करा, कड्या बरोबर ३.०५ मीटरवर बसवा आणि शाळा सुटल्यावर तासभर फाटक उघडं ठेवा. मुलींना तो तास मुलांइतकाच द्या. यातून एनबीएचा खेळाडू निघेल असं वचन कुणी देऊ नये. पण व्यावसायिक खेळाडू जगात जिथे कुठे घडला, तिथे आधी एक मैदान होतं आणि ते रोज वापरात होतं. ते करणं आपल्या हातात आहे.