तळहाताएवढा आधार

तमिळनाडूतील कावेरीच्या सुपीक खोऱ्यात कुंभकोणम हे मंदिरांचे प्राचीन नगर वसले आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला राज्य स्थापन केले. तेव्हापासून या परिसरात मराठी भाषिक कुटुंबे राहत आली आहेत. महाराष्ट्रात दिवाळीच्या सुमारास पाऊस ओसरलेला असतो. कुंभकोणमला मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत ईशान्य मोसमी पावसाचा जोर असतो. या दिवसांत विड्याच्या पानांचे भारे, पितळेची भांडी किंवा घरची माणसे घेऊन ओल्या रस्त्यावरून असंख्य मोटारसायकली धावत असतात. अशा प्रत्येक वाहनाचा सारा भार रस्त्यावर केवळ दोन ठिकाणी टेकलेला असतो आणि त्यांपैकी प्रत्येक जागा तळहाताहून फारशी मोठी नसते. हा आधार टायरचा होय.

पूर्वी चाकांना भरीव रबराच्या धावा असत. जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने १८८८ मध्ये हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले आणि प्रवास सुखकर झाला. टायरमधील हवा वाहनाचा भार पेलते आणि धक्केही सोसते. म्हणूनच तिचा दाब योग्य असावा लागतो. हवा कमी असेल, तर टायर दबून त्याच्या कडा झिजतात, तो अधिक तापतो व वाहन जड चालते. हवा जास्त झाली, तर टायरचा मधलाच भाग रस्त्याला टेकतो. तोच लवकर झिजतो आणि पकड कमी होते. योग्य दाबाचे आकडे वाहनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असतात. मागे माणूस बसणार असेल, तर मागील चाकात किती अधिक हवा भरावी, हेही तेथेच सांगितलेले असते.

दाब आठवड्यातून एकदा, शक्यतो सकाळी, वाहन चालवण्यापूर्वी तपासावा. धावून तापलेल्या टायरमधील हवेचा दाब वाढलेला असतो. तो जास्त दिसला म्हणून हवा सोडून दिली, तर टायर थंड झाल्यावर दाब आवश्यकतेपेक्षा कमी होतो.

टायरवरील खाचा शोभेसाठी नसतात. ओल्या रस्त्यावर त्या चाकाखालचे पाणी बाजूला सारतात. त्यामुळे रबर रस्त्याला भिडते. बोलीभाषेत ज्याला ‘गोटा’ झालेला टायर म्हणतात, त्यावर या खाचा उरलेल्या नसतात. कोरड्या रस्त्यावर तो चालून जातो, म्हणून चालकाला धोका जाणवत नाही. पहिल्या सरीने रस्त्यावरची धूळ आणि तेल एकत्र होऊन निसरडा थर तयार होतो. तेथे अचानक ब्रेक दाबला, तर झिजलेले चाक घसरते. चारचाकी वाहन घसरले तरी सहसा उभे राहते. दुचाकीचे पुढचे चाक घसरले, की चालक आणि मागे बसलेला माणूस दोघेही खाली पडतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार दुचाकीच्या टायरच्या खाचांची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये. ती मोजण्यासाठी यंत्र लागत नाही. खाचेच्या तळाशी झीज दाखवणारे लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले, की टायर बदलण्याची वेळ झाली असे समजावे. बाजूच्या भिंतीवर फुगवटा, चीर किंवा आतील धागे दिसले, तर खाचा शिल्लक असूनही तो टायर वापरू नये.

नवा टायर घेताना त्यावरील चार आकडी उत्पादन-क्रमांक पाहावा. ‘२३२४’ याचा अर्थ २०२४ या वर्षातील तेविसावा आठवडा. टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असल्यास, त्याच दिशेने तो बसवलेला आहे याची खात्री करावी. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वाहन सावकाश चालवावे.

पैसे वाचवण्यासाठी टायर बदलणे पुढे ढकलले जाते. परंतु जो माणूस विश्वासाने मागे बसतो, त्याला टायरची स्थिती ठाऊक नसते. ती पाहण्याची जबाबदारी चालकाचीच असते आणि त्यासाठी आठवड्यातील पाच मिनिटे पुरतात.

हे करून पाहा : घरातील किंवा शेजारच्या एखाद्या दुचाकीचे दोन्ही टायर तपासा. दाब, खाचा, भिंतीवरील चिरा आणि उत्पादनाचा आठवडा यांची नोंद वहीत करा.