नौकेचे इंजिन अडखळते तेव्हा

वल्हे आणि शीड यांच्या बळावर चालणाऱ्या भारतीय मच्छीमार नौकांच्या पोटात इंजिन आले ते मुख्यतः स्वातंत्र्योत्तर काळात. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यामध्ये एक करार झाला, आणि पुढील वर्षापासून आजच्या केरळ राज्यातील कोल्लमजवळच्या नींडकरा व शक्तिकुळंगरा या गावी लहान नौकांना डिझेल इंजिने बसविण्याचे कार्य सुरू झाले. वारा पडला तरी घर गाठता येते, हे या यंत्राचे मोठे वरदान होय. परंतु शिडाचा आधार सुटलेल्या नौकेचे आणि तिच्यावरील माणसांचे भवितव्य त्या एकाच यंत्राच्या हाती जाते, हेही विसरता येत नाही.

असे इंजिन पुष्कळदा एकाएकी बंद पडत नाही. आधी ते अडखळते. त्याची एकसारखी धडधड मध्येच तुटते, वेग कमीजास्त होतो, नौकेला गचके बसतात. आणि अनुभव असा, की हे संकट शांत पाण्यात न येता खाडीच्या मुखाशी, जेथे लाटा फुटतात तेथेच येते. खलाशी याला दैव म्हणतात. वस्तुतः त्याचे कारण बहुधा इंधनाच्या टाकीच्या तळाशी असते.

ते समजण्यासाठी या इंजिनाचे कार्य थोडक्यात पाहू. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ साली ऑग्सबर्ग येथे यशस्वी ठरले. त्यात ठिणगीची योजना नसते. दट्ट्या सिलिंडरातील हवा इतकी दाबतो, की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या तप्त हवेत तेलाचा अतिसूक्ष्म फवारा शिरताच तो आपोआप पेटतो. मिनिटास १,५०० फेरे घेणाऱ्या चतुर्घाती इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरात असा फवारा सेकंदास साडेबारा वेळा उडावा लागतो. तो उडविणाऱ्या पंपाचे भाग एकमेकांत इतके नेमके बसविलेले असतात, की त्यांमधील फट मिलिमीटरच्या केवळ दोन-चार सहस्रांश भागांएवढी असते. म्हणून डिझेल इंजिनाला तेल पुरेसे मिळून भागत नाही. ते स्वच्छ, निर्जल आणि वायुरहित मिळावे लागते.

यांपैकी पाण्याचा विचार प्रथम करावयास हवा. पश्चिम किनाऱ्यावर सामान्यतः १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. नौका किनाऱ्यास लागतात, आणि कित्येकांच्या टाक्या अर्ध्यामुर्ध्या रिकाम्या राहतात. पावसाळ्याची दमट हवा त्या मोकळ्या जागेत शिरते, रात्री टाकीची भिंत थंड होते आणि तिच्यावर दंव धरते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे हे थेंब तळाशी साचतात. तेल आणि पाणी जेथे मिळतात त्या सीमेवर सूक्ष्मजंतू वाढतात व त्यांची काळपट, बुळबुळीत साय तयार होते. संथ पाण्यात हा सारा गाळ तळाशी निवांत पडून असतो. नौका हेलकावे खाऊ लागली, की तो ढवळून निघतो, नळीत ओढला जातो आणि गाळणी, म्हणजे खलाशांचा ‘फिल्टर’, तुंबते. लाटा आणि इंजिनाचे अडखळणे एकाच वेळी येतात, त्यामागील रहस्य ते हेच.

हवेचा उपद्रव निराळ्या प्रकारचा आहे. द्रव जवळजवळ दाबला जात नाही; म्हणूनच पंपाने दिलेला दाब तत्क्षणी फवाऱ्याच्या तोटीपर्यंत पोहोचतो. नळीत बुडबुडा शिरला तर तो स्प्रिंगप्रमाणे दबतो, दाब स्वतःच गिळून टाकतो आणि फवारा उडतच नाही. येथे एक गोष्ट नवशिक्यास फसविते. टाकी इंजिनाच्या खालच्या पातळीवर असेल, तर ती व तेल खेचणारा पंप यांमधील नळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असतो. त्यामुळे सांधा सैल झाला तरी तेथून तेल गळत नाही. उलट हवा आत शिरते. नळी बाहेरून कोरडी आहे, म्हणून ती निर्दोष आहे असे समजू नये.

आता परीक्षेचा क्रम पाहू. धूर हा पहिला साक्षीदार. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने तेल अधिक. हवेची वाट तुंबली असेल, किंवा पंख्यात जाळ्याचा दोर अडकून इंजिनावर भार पडला असेल. निळा धूर वंगणाचे तेल जळत असल्याचे सुचवितो. पांढरा धूर बहुधा न जळलेल्या तेलाचा असतो. वाफ हवेत लवकर विरते, हा धूर मात्र रेंगाळतो आणि त्याला डिझेलचा वास येतो.

दुसरा साक्षीदार म्हणजे अडखळण्याची रीत. हळू चालताना सुरळीत, पण वेग वाढविताच गळून जाणारे इंजिन बहुधा तुंबलेल्या गाळणीकडे बोट दाखविते. काही वेळ उत्तम चालून मंदावणारे आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा चालणारे इंजिन टाकीचा श्वासमार्ग बुजल्याचे सुचविते. अशा वेळी टाकीचे झाकण क्षणभर सैल करावे. हवा आत शिरल्याचा सुस्कारा ऐकू आला व इंजिन सावरले, तर निदान झाले.

यानंतर टाकीकडून इंजिनाकडे, तेलाच्याच वाटेने, पायरीपायरीने जावे. गाळणीच्या तळाची तोटी उघडून थोडे तेल काचेच्या भांड्यात घ्यावे. पाणी असल्यास ते खाली निराळे दिसते. गाळणी बदलावी, सांधे आवळावेत. मग इंजिन बंद असताना गाळणीवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप चालवावा, आणि बुडबुडे थांबून अखंड तेल येऊ लागले की स्क्रू आवळावा. फवाऱ्याच्या उच्चदाबाच्या नळ्यांना मात्र जाणत्या कारागिराखेरीज कोणी हात लावू नये. तेथील तेलाची धार कातडी भेदून शरीरात शिरू शकते. आधुनिक इलेक्ट्रॉनिक इंजिनांत तर हा दाब वातावरणाच्या हजारपटीहूनही अधिक असतो.

या साऱ्या परीक्षेत एक नियम पाळावा: एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहून मगच पुढे जावे. घाईने चार भाग एकदम बदलले, तर इंजिन कदाचित चालेल. पण दोष कोठे होता हे कळणार नाही, आणि न कळलेला दोष पुन्हा परत येतो. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाचा हाच नियम आहे.

१९६३ साली कोचीन येथे स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेत मच्छीमार नौकांच्या इंजिन-चालकांना पद्धतशीर शिक्षण दिले जाते. परंतु सर्वांत मोलाची दक्षता फारशी खर्चाची नाही. हंगाम संपताच टाकी भरून ठेवावी, म्हणजे दंव धरण्यास जागा उरत नाही. नौका पुन्हा पाण्यात लोटण्यापूर्वी तळाचे पाणी काढावे, गाळणी नवी घालावी आणि एक जादा गाळणी व योग्य मापाचा पाना नौकेवर ठेवावा. धक्क्याला बांधलेल्या नौकेवर हे काम अर्ध्या तासाचे आहे. तेच काम फुटणाऱ्या लाटांत, डोलणाऱ्या इंजिनखोलीत, तेलाने माखलेल्या हातांनी करावयाचे झाले, तर तेवढा वेळ समुद्र देईलच असे नाही.