धुतलेल्या गाडीवरची खरखर

गाडी धुऊन-पुसून झाली की हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि बॉनेटवरून बोटं हलकेच फिरवा. नुसत्या हाताला न कळणारे उंचवटेही पिशवीतून जाणवतात. रवाळ लागलं, तर रंगात काहीतरी रुतलंय आणि ते शाम्पूने निघणार नाही.

पुष्कळदा ते लोखंड असतं. रेल्वेची चाकं रुळांवर झिजतात, आपल्याच गाडीच्या बिडाच्या डिस्कवर ब्रेक पॅड घासतात, ग्रिलच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडर चालतो. ग्राइंडरचा कण तर तापलेलाच येऊन रंगात बसतो. स्टेशनालगत रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा त्रास जास्त. पावसाचं पाणी लागलं की कण गंजतात आणि पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके उमटतात. पत्रा सडला या धास्तीने लोक थेट रंगकामाला धावतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. अनेकदा खाली पत्रा शाबूत असतो.

घासणी मात्र लावू नका. वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो. एकदा गेला की परत येत नाही.

आधी आयर्न रिमूव्हर फवारा. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाशी संयोग पावतं आणि जांभळट ओघळ वाहू लागतात. केस काढायच्या क्रीममध्येही याच कुळातलं रसायन असतं, म्हणून वास तसाच उग्र. हातमोजे घाला, काम सावलीत आणि थंड पत्र्यावर करा, द्रावण वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवा.

उरलेला चीक, रंगाचे तुषार यांच्यासाठी क्ले बार. जपानच्या तादाओ कोदाते यांना 1995 मध्ये त्याचं अमेरिकी पेटंट मिळालं. दिसायला कणकेचा गोळा, पण आत बारीक अपघर्षक कण असतात. त्यामुळे ल्युब्रिकंट सढळ हाताने फवारायचं, दाब न देता बार सरळ रेषेत फिरवायचा, मळला की घडी घालून स्वच्छ बाजू वर काढायची. जमिनीवर पडला तर टाकूनच द्या. त्याला चिकटलेली वाळू रंगावर ओरखडे काढते. लोखंड आधी काढायचं तेही याचसाठी.

या सगळ्यात जुनं वॅक्सही निघून जातं. गडद रंगावर बारीक रेषा दिसल्या तर पॉलिश करा आणि त्याच दिवशी नवं वॅक्स किंवा सीलंट लावा.