विद्येच्या दारावरील वयाचा पहारा

पवनेच्या कांठचें रावेत हें एके काळीं शेतकऱ्यांचें गांव होतें. आज तेथें अभियांत्रिकी महाविद्यालय उभें आहे, आणि पिंपरी, चिंचवड व चाकण येथील कारखान्यांचा विस्तार त्यास चोहोंकडून वेढून आहे. अशा ठिकाणीं सकाळच्या रस्त्यावर अठरा वर्षांचा विद्यार्थी व पस्तिशीचा कामगार बरोबरीनेंच चालतात. या कामगारानें धाकट्या भावंडांचें शिक्षण व बहिणीचें लग्न उरकल्यावर आतां आपण कायदा शिकावा असें मनांत आणलें, तर ‘तुझें वय झालें’ एवढ्याच कारणावरून त्यास परत पाठविण्याचा अधिकार कोणास असावा काय? हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों.

वयाच्या अटीचा महाराष्ट्राचा अनुभव जुना आहे. १८७५ साली धोंडो केशव कर्वे नांवाचा मुलगा परीक्षेसाठीं मुरूडहून सह्याद्रि ओलांडून पायीं साताऱ्यास गेला. त्यास सतरावें वर्ष पुरें झालें होतें. पण तो तितक्या वयाचा दिसत नाहीं म्हणून अधिकाऱ्यानें त्यास परीक्षेस बसूं दिलें नाहीं! त्याच मुलानें पुढें १९१६ साली स्त्रियांचें विद्यापीठ स्थापन केलें. १८७६ साली तर सरकारनें सनदी नोकरीच्या परीक्षेची कमाल वयोमर्यादा एकवीसवरून एकोणीसवर आणली. परीक्षा विलायतेंत, भाषा परकी आणि वय एकोणीसाच्या आंत. हिंदी तरुणास दार बंद करण्यास याहून अधिक कांहीं लिहिण्याची गरजच नव्हती. म्हणूनच १८८५ च्या मुंबईच्या पहिल्या काँग्रेसनें ही मर्यादा निदान तेवीस करावी अशी मागणी केली. वयाचा आंकडा दिसावयास निरुपद्रवी असतो, पण तो कोणास बाहेर ठेवितो हें पाहिल्यावांचून त्याचा न्यायान्याय ठरत नाहीं.

आतां स्वराज्यांतील स्थिति पाहूं. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमानें धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. त्या यादींत वयाचा उल्लेख नाहीं. त्यामुळें ज्यास वयावरून डावललें जातें, त्यास चौदाव्या कलमांतील समतेच्या सामान्य तत्त्वाचाच आधार घ्यावा लागतो. हा आधार कधीं पुरतो, कधीं पुरत नाहीं. पंचेचाळीस वर्षांवरील मनुष्यास वकिलीची सनद न देण्याचा बार कौन्सिलचा नियम सर्वोच्च न्यायालयानें १९९५ साली मनमानीचा ठरवून रद्द केला. तरी २००८ च्या नियमांत पांच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमास वीस व तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास तीस अशी सर्वसाधारण मर्यादा आलीच. ती मध्यंतरी मागें घेऊन २०१६ साली परिपत्रकानें पुन्हां लागू झाली, आणि ३ मार्च २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्या परिपत्रकास स्थगिती दिली. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस २०१८ साली पंचवीस वर्षांची मर्यादा, राखीव वर्गांस तीस, घालण्यांत आली. दिल्लीच्या उच्च न्यायालयानें ती उचलून धरली, आणि २०२२ साली ती अखेर काढून टाकण्यांत आली. मधल्या चार वर्षांत किती उमेदवारांनीं पुस्तकें मिटून ठेविलीं असतील! आय. आय. टी.च्या ॲडव्हान्स्ड परीक्षेस तर वयाची अट अद्याप आहे.

या अटीच्या समर्थनार्थ असें म्हणतात कीं, जागा थोड्या, खर्च लोकांच्या पैशाचा, व प्रौढ पदवीधर समाजाची सेवा थोडीं वर्षें करणार. हा युक्तिवाद अगदींच टाकाऊ नाहीं. नोकरींत सेवेचीं वर्षें व निवृत्तिवेतन यांचा हिशेब करावाच लागतो. परंतु शिकणें म्हणजे नोकरी नव्हे. जागा थोड्या असतील तर त्या गुणांनीं वांटाव्या. त्यासाठींच प्रवेशपरीक्षा आहे. आणि सेवेचीं वर्षेंच मोजावयाचीं, तर बाविसाव्या वर्षीं पदवी घेऊन कायमचा परदेशीं जाणाऱ्यास आपण कोठें अडवितों? किमान वयाची अट बालकाच्या हिताची असूं शकते. कमाल वयाची अट कोणाच्या हिताची, हें कोणीं सांगितलेलें आम्हांस आठवत नाहीं.

शिवाय तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाहीं. ज्याच्या घरीं सुबत्ता आहे त्याचें शिक्षण वेळेवर होतें. उशीर होतो तो लग्नामुळें शाळा सुटलेल्या स्त्रीस, शेतकऱ्याच्या मुलास, आणि वडील वारल्यावर सोळाव्या वर्षीं दुकानाच्या गादीवर बसलेल्या आमच्या व्यापारी वाचकास. पंचवीस वर्षें करार, कर व वसुलीचे दावे यांचा अनुभव घेतलेला मनुष्य कायद्याच्या वर्गांत नालायक ठरेल, असें कोणता शहाणा म्हणेल?

इंग्लंडच्या २०१० च्या समता कायद्यानें उच्च शिक्षणांतील वयभेदास आळा घातला आहे. अमेरिकेंत सरकारी मदत घेणाऱ्या संस्थांस १९७५ च्या कायद्यानें तेंच बंधन आहे. आपल्या संसदेनेंही एक छोटा कायदा करावा. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या वा लोकांच्या वतीनें परवाने देणाऱ्या कोणत्याही संस्थेनें प्रवेशास कमाल वय ठरवूं नये. ठरवावयाचेंच असेल तर कारण लेखी प्रसिद्ध करावें, आणि तें कारण खरें आहे हें सिद्ध करण्याचा भार त्या संस्थेवर असावा. आज तो भार विद्यार्थ्यावर आहे, आणि न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत त्याचें वय वाढतच असतें.