दुबई तीन तासांवर, पण घरून निघायचे कधी?

घरातला मुलगा पहिल्यांदाच नोकरीसाठी दुबईला निघाला, की ओसरीवर दोन प्रश्न हमखास निघतात. "किती लांब आहे हो?" आणि "पोचायला किती वेळ लागतो?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्यात मात्र भलेभले फसतात आणि प्रसंगी विमानच चुकते. म्हणून वाचकहो, हा हिशेब आज नीट मांडू या.

मुंबई ते दुबई हे हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा, तसे हे अंतर मोजतात. त्यात घाट नाहीत, वळणे नाहीत.

मोठे विमान उंचावर तासाला ८०० ते ९०० किलोमीटर वेगाने जाते. भागाकार केलात तर सव्वादोन तास येतील. पण तिकिटावर तीन-सव्वातीन तास दिसतात. धावपट्टीवर जाऊन रांगेत थांबणे, वर चढणे, उतरताना वेग कमी करणे हे सारे त्यात धरलेले असते. शिवाय हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. जाताना तो तोंडावर आणि येताना पाठीवर. त्यामुळे येताना थोडा वेळ वाचतो.

आता घड्याळाची गंमत पाहा. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. सकाळी १० ला मुंबई सोडलेले विमान सव्वातीन तास उडून तिथल्या पावणेबाराला उतरते. तेव्हा आपल्याकडे सव्वा वाजलेला असतो. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात, हे ध्यानात ठेवा.

खरा घोटाळा मध्यरात्रीचा. तिकिटावर '१४ तारीख, ००.४०' लिहिले असेल, तर ती १३ तारखेची रात्र संपताच लागणारी वेळ आहे. चौदाच्या रात्री गेलात, तर विमान आदल्याच रात्री गेलेले असेल! परदेशी जाताना तीन तास आधी पोचावे, म्हणजे १३ तारखेला रात्री साडेनऊला. सातारकडचा माणूस असेल, तर त्याने दुपारी बारालाच घर सोडलेले बरे. घाटात गाडी अडकली तरी जीव घाबरा होत नाही. आता नवी मुंबईलाही विमानतळ झाला आहे, तेव्हा तिकिटावरचे विमानतळाचे नाव घरातल्या दोघांनी तरी वाचावे.

दुपारी बाराला उंबरा ओलांडलेला मुलगा आपल्या घड्याळाने पहाटे चारच्या सुमारास दुबईत उतरेल. या सोळा तासांत आकाशातला प्रवास जेमतेम सव्वातीन तासांचा; बाकी सारा जमिनीवरचा!

आणि माउली, विमान उतरले म्हणजे लगेच फोन येईल असे नाही. पारपत्र तपासणी आणि सामान यांत तासभर सहज जातो. तेव्हा पाचपर्यंत फोन आला नाही, तरी काळजी करू नका. गाईची धार काढून घ्या, तोवर तो येईल.