बँकेचं नाव दिसलं, काम कोणतं?

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचा पसंतीक्रम भरायची वेळ आली की माझा फोन थांबत नाही. मी मेकॅनिकल इंजिनिअर आणि मुंबईतल्या एका बँकेच्या रिस्क विभागात आहे. त्यामुळे ‘मुलीला पुढे फायनान्समध्ये जायचंय, कुठलं कॉलेज टाकू?’ हा प्रश्न हमखास माझ्याकडे येतो.

माझं पहिलं सांगणं असतं, प्लेसमेंटच्या यादीत बँकेचं नाव बघून हुरळून जाऊ नका. मुंबई, पुणे, बेंगळुरूत परदेशी बँकांची मोठाली कार्यालयं आहेत आणि कॉलेजांतून त्या मुलं घेतात ती मुख्यतः सॉफ्टवेअरसाठी. काम चांगलं, पगारही चांगला. पण तिथून रिस्क किंवा ट्रेडिंगकडे आपोआप कुणी जात नाही. म्हणून कोणत्या पदावर, किती जणांना घेतलं ते विचारा. प्लेसमेंट सेलपेक्षा शेवटच्या वर्षाची मुलं जास्त मोकळेपणानं सांगतात.

शाखा की कॉलेज? मी कॉलेजच्या बाजूची. फायनान्सच्या पदांना बरेचदा कोणतीही शाखा चालते, पण कंपन्या येतात मोजक्याच कॉलेजांत. रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन आयआयटी दिल्लीचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर, हे लोक विसरतात.

गणित मात्र सोडून चालत नाही. मेकॅनिकलला आम्ही सळईतून उष्णता कशी पसरते त्याचं समीकरण सोडवायचो. फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी १९७३ मध्ये ऑप्शनच्या, म्हणजे ठरलेल्या भावानं पुढे खरेदी-विक्री करण्याच्या हक्काच्या, किमतीसाठी मांडलेलं समीकरण चलं बदलून लिहिलं की तेच उष्णतेचं समीकरण होतं! मुलाखतीत मी विचारते, छापा पडेपर्यंत नाणं सरासरी किती वेळा उडवावं लागेल? पहिली खेप तर होणारच. काटा पडला, म्हणजे निम्म्या वेळा, तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून सरासरी म्हणजे एक अधिक तिचीच निम्मी, उत्तर दोन. एवढं कागदावर मांडणारी मुलगी कुठल्या शाखेची, हे मी बघतही नाही. तेव्हा कॉलेजात संख्याशास्त्र कोण शिकवतं आणि दुसऱ्या विभागाचे विषय घेता येतात का, याची चौकशी प्रवेशाआधीच करा.

आणि मुलीला मशीन, सर्किट, कोड यांतलं काहीच आवडत नसेल, तर इंजिनिअरिंगला घालूच नका. संख्याशास्त्रात बीएस्सी करता येते. विम्याचं गणित बघणाऱ्या अॅक्च्युअरींची प्रवेश परीक्षाही बारावीनंतर देता येते.