एका रेल्वेप्रवासाने सुरू झालेले धर्मांतर

छत्तीसगडमध्ये भिलाईला लागून असलेल्या दुर्ग रेल्वे स्थानकावर २५ जुलै २०२५ रोजी दोन ख्रिस्ती धर्मभगिनी आणि एका आदिवासी तरुणाला अटक करण्यात आली. तीन तरुणींना धर्मांतराच्या हेतूने आग्र्याला नेले जात असल्याचा आरोप त्यांच्यावर होता. मुली आधीपासूनच ख्रिस्ती असून नोकरीसाठी निघाल्या होत्या, असे त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितले. २ ऑगस्ट रोजी बिलासपूरच्या विशेष न्यायालयाने तिघांनाही जामीन मंजूर केला.

या प्रकरणात लावलेला धर्मस्वातंत्र्य कायदा मूळचा मध्य प्रदेशचा, १९६८ सालचा. धर्मांतरामागे बळजबरी, प्रलोभन किंवा फसवणूक होती का, हा त्यातील मुख्य प्रश्न. परंतु प्रौढ व्यक्ती जन्माचा धर्म सोडते तेव्हा तिच्या मनात आणि घरात काय घडते? मराठीत याची सर्वांत तपशीलवार नोंद असलेली कथा याच लोहमार्गावर सुरू झाली, हा योगायोगच.

कवी नारायण वामन टिळक १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. राजनांदगाव हे दुर्गच्या अलीकडचे संस्थानी गाव. भिलाई तेव्हा साधे खेडे होते. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड हे मिशनरी भेटले. संस्कृत काव्यावर बोलणे झाले. उतरण्यापूर्वी वॉर्ड यांनी टिळकांना 'नवा करार' दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. पुस्तक वाचण्याचा शब्द मात्र त्यांनी पाळला. डोंगरावरील प्रवचनापर्यंत आल्यावर ते त्यांना खाली ठेवता येईना.

हा परिणाम एका पुस्तकाचाच होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल. टिळकांचे बालपण कोकणातील ब्राह्मण घरात गेले. वडील अत्यंत कडक व तापट, तर आई भक्तीत व काव्यात रमणारी. आईच्या मृत्यूनंतर लहान वयातच त्यांनी घर सोडून नाशिक गाठले. पुढे जातिभेदाविषयी त्यांच्या मनात तिटकारा निर्माण झाला आणि स्वतःच एखादा नवा धर्म स्थापन करावा, असेही विचार त्यांच्या मनात घोळत होते. वॉर्ड यांची भेट झाली ती अशा शोधात असलेल्या माणसाशी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भाकिताची मुदत जवळजवळ तंतोतंत पाळली गेली.

अशा प्रवासात पुस्तक निर्णायक ठरल्याचे दुसरे उदाहरण युरोपातील आहे. ज्यू कुटुंबात जन्मलेल्या जर्मन तत्त्वज्ञ एडिथ स्टाइन यांनी कुमारवयातच प्रार्थना सोडली होती. १९२१ मध्ये त्यांनी संत तेरेसा यांचे आत्मचरित्र वाचले आणि १ जानेवारी १९२२ रोजी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धर्मनिष्ठ आईला हा आघात सोसवला नाही. नाझी राजवटीने मात्र त्यांना ज्यूच मानले; १९४२ मध्ये आउश्वित्झ येथे त्यांचा अंत झाला.

टिळकांच्या घरीही आघात पत्नीवर झाला. लक्ष्मीबाई लहान मुलासह नातेवाइकांच्या आश्रयाला राहिल्या. नवरा जिवंत असूनही नवऱ्याविना काढलेल्या त्या वर्षांचे वर्णन त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये केले आहे, आणि तेही स्वतःची थट्टा करीत. टिळकांनी त्यांच्यावर धर्म बदलण्याची सक्ती केली नाही. काही वर्षांनी त्या नगरला पतीकडे आल्या, पण सोवळेओवळे सांभाळून. माणसाने केलेल्या जातींना देवाचे नाव का द्यावे, हा प्रश्न त्यांना पुढे त्यांच्याच विचारातून पडला. त्यानंतर त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांनी मराठीपण सोडले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. अभंगांच्या चालीवर त्यांनी रचलेली भजने मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. तेथे बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले. त्याचे उरलेले अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.